मंद नाडी : बळाची खूण की धोक्याची घंटा?

वर्धा शहरातून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात धावणाऱ्या तरुणांची वर्दळ असते. कुणी पोलीस भरतीच्या सोळाशे मीटर धावण्याची तयारी करीत असतो, कुणी सैन्यभरतीची. वर्ष-दोन वर्षे असा सराव केलेल्या एखाद्या तरुणाची नाडी विश्रांतीच्या वेळी मोजली, तर मिनिटाला ४६ ठोके भरणे अशक्य नाही. त्याच रस्त्याने दुपारी रुग्णालयाकडे निघालेल्या सत्तरीतील एखाद्या आजोबांची नाडीही नेमकी ४६ भरू शकते. आकडा एकच. तरुणाच्या बाबतीत तो कमावलेल्या हृदयाचे लक्षण असतो. आजोबांच्या बाबतीत मात्र हृदयातील विद्युतव्यवस्था थकत चालल्याची ती पहिली सूचना असू शकते.

नाडी मंद असणे हे निदान नव्हे, ते एक निरीक्षण आहे. ते कोणत्या वयात, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या लक्षणांसह आढळते, यावर त्याचा अर्थ ठरतो. हा फरक ठाऊक नसल्याने दोन प्रकारच्या चुका होतात. धडधाकट माणूस आकड्याला घाबरून तपासण्यांच्या फेऱ्यात अडकतो आणि ज्याला खरोखर उपचारांची गरज आहे, तो 'वयोमानानुसार अशक्तपणा आला' असे म्हणून घरीच बसतो. दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

साठ हा आकडा कशाचा?

प्रौढ व्यक्तीच्या हृदयाचे विश्रांतीच्या वेळचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असावेत, असे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत अनेक वर्षे शिकवले जाते. साठच्या खालील गतीला मंद हृदयगती म्हटले जाते. ही सीमा सोयीसाठी आखलेली आहे. साठच्या एका बाजूला आरोग्य आणि दुसऱ्या बाजूला आजार, असा तिचा अर्थ नाही. पूर्णपणे निरोगी असलेल्या कितीतरी लोकांची नाडी पन्नाशीत असते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर मंद हृदयगतीसाठी ५० हीच सीमा धरली आहे.

झोपेत ही गती आणखी उतरते. गाढ झोपेत निरोगी तरुणाचे ठोके चाळीसपर्यंत आणि कसलेल्या खेळाडूचे त्याहूनही खाली जाऊ शकतात. मनगटी घड्याळाने सकाळी 'रात्रीची किमान गती ४२' असे दाखवले, म्हणून दचकून जाण्याचे कारण नसते. मात्र रात्री घोरण्यासोबत श्वास मध्येच अडकत असेल, दिवसभर झोप येत असेल आणि रात्रीची गती फार खाली जात असेल, तर निद्राश्वसनरोधाचा विचार करावा लागतो. अशा वेळी श्वासाच्या विकारावर उपचार केले, की नाडीचा प्रश्नही बहुधा आपोआप सुटतो.

ठिणगी आणि तारा

मंद गतीचा अर्थ समजण्यासाठी हृदयाची विद्युतव्यवस्था थोडक्यात पाहावी लागते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्यातून ठरावीक अंतराने विद्युतसंदेश निघतो. हाच शरीराचा नैसर्गिक गतिनियंत्रक. १९०७ मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी तो शोधून काढला. संदेश वरच्या कप्प्यांतून खाली येतो तो एका मधल्या गाठीतून. तिचे वर्णन त्याच्या आदल्याच वर्षी सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने केले होते. ही गाठ संदेशाला क्षणभर थांबवते आणि मग तारांसारख्या तंतूंमधून खालच्या मोठ्या कप्प्यांपर्यंत पोहोचवते. वरचे कप्पे रिकामे होण्यास तेवढा अवधी मिळतो.

गतिनियंत्रकाला मोकळे सोडले, तर तरुण माणसात तो मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. प्रत्यक्षात मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची चेता त्याला सतत लगाम घालत असते. म्हणूनच विश्रांतीच्या वेळी नाडी सत्तरच्या घरात राहते. सत्तर ठोक्यांच्या हिशेबाने दिवसभरात हृदय सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते.

मंदपणाची कारणे यावरून दोन गटांत विभागता येतात. एक तर ठिणगी उशिरा पडते, म्हणजे गतिनियंत्रकच सावकाश चालतो. किंवा ठिणगी वेळेवर पडूनही वाटेतल्या तारांमध्ये अडथळा येतो आणि संदेश खाली पोहोचत नाही. पहिला प्रकार अनेकदा निरुपद्रवी असतो. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र अधिक सावधपणे पाहावे लागते. मनगटावर बोट ठेवून हा भेद कळत नाही, त्यासाठी ईसीजी लागतो. हॉलंडमधील विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी विकसित केलेल्या आणि १९२४ मध्ये नोबेल मिळवून देणाऱ्या या तपासणीला आज काही मिनिटे पुरतात.

कमावलेले हृदय

शरीराला विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण पाच लिटर रक्ताचा पुरवठा लागतो. सामान्य हृदय एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर फेकते, म्हणून त्याला सत्तर ठोके द्यावे लागतात. नियमित धावणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात ११० मिलिलिटर फेकत असेल, तर पाच लिटरचे काम ४५ ठोक्यांतच भागते. व्यायामाने व्हेगसचा लगाम घट्ट होतोच, शिवाय गतिनियंत्रकाच्या पेशींमध्येही बदल घडतात, असे अलीकडच्या संशोधनात दिसून आले आहे.

अशा हृदयाची परीक्षा सोपी आहे. गरज पडताच ते वेग घेते. जिना चढताच नाडी शंभरच्या पुढे जात असेल, दम लागत नसेल आणि चक्कर येत नसेल, तर पन्नाशीतील किंवा पंचेचाळिशीतील नाडी ही चिंतेची बाब नाही. याउलट एखाद्याची नाडी बसल्या जागी ५२ आणि दोन मजले चढून गेल्यावरही ५८ भरत असेल, तर ते हृदय मागणीला प्रतिसाद देत नाही, असे समजावे. त्याला होणारी दमछाक नुसत्या वयाची असेलच असे नाही.

गोळ्यांमुळे मंदावणारी नाडी

शहरी मध्यमवर्गीय घरांत मंद नाडीचे सर्वांत नेहमीचे कारण औषधांच्या डब्यात सापडते. रक्तदाब, छातीतील कळ किंवा धडधड यांसाठी दिली जाणारी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे नाडी मंद करतात. पुष्कळदा ती त्याच हेतूने दिलेली असतात. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, अमिओडॅरोन आणि आयव्हाब्रॅडिन यांचाही असाच परिणाम होतो. मानसिक विकारांवरील लिथियम आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकले जाणारे टिमोलॉलचे थेंबही या यादीत येतात. डोळ्यांत टाकलेला थेंब हृदयापर्यंत पोहोचतो, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. त्यामुळे डॉक्टरांना औषधे सांगताना थेंबांचा उल्लेख राहून जातो.

औषधाच्या या परिणामाचा भारतीय इतिहासही मोठा आहे. सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगापुढे मांडला. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाबासोबत नाडीही मंद करणे, हा त्या औषधाचा ठळक गुणधर्म होता.

यावर उपाय म्हणून गोळी परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे असते. बीटा-ब्लॉकर एकाएकी थांबवल्यास नाडी आणि रक्तदाब उसळी घेतात आणि हृदयविकाराच्या रुग्णाला झटकाही येऊ शकतो. मात्रा कमी करायची की औषध बदलायचे, हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

उन्हाळ्यातील छुपा सापळा

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हाने एरवी नाडी जलद होते. परंतु वृद्ध, मधुमेही आणि मूत्रपिंडे कमकुवत असलेल्या रुग्णांमध्ये उलटे घडू शकते. घाम, जुलाब किंवा उलट्यांनी शरीरातील पाणी कमी होते, मूत्रपिंडांचे काम मंदावते आणि रक्तातील पोटॅशियम वाढू लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारी ॲटेनोलॉलसारखी औषधेही शरीरात साचतात. वाढलेले पोटॅशियम आणि साचलेले औषध मिळून हृदयाची गती झपाट्याने खाली आणतात. गती खाली आली, की मूत्रपिंडांना रक्त आणखी कमी पडते आणि दुष्टचक्र सुरू होते.

अशा रुग्णाला घरचे लोक 'ऊन लागले' म्हणून सरबत पाजून निजवतात. नारळपाणी आणि फळांचा रस यांत पोटॅशियम भरपूर असते, त्यामुळे मूत्रपिंडांचा विकार असलेल्यांना ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झालेल्या, लघवी कमी झालेल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्ध व्यक्तीची नाडी पन्नासच्या खाली दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

शेत आणि अंगण

कापूस आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात मंद नाडीचे आणखी एक कारण विसरता येत नाही, ते म्हणजे कीटकनाशकांची विषबाधा. ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरात गेली, की व्हेगसचा लगाम जणू कायमचा खेचला जातो. तोंडातून लाळ, भरपूर घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, छातीत घरघर आणि अनेकदा मंद झालेली नाडी, अशी ही लक्षणे असतात. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचा विषबाधेने मृत्यू झाला, तेव्हा या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. ॲट्रोपिन हे यावरील प्रमुख औषध. ते नाडी वाढवते आणि फुप्फुसांतील स्राव आटवते. या विषबाधेत नाडी कधी कधी जलदही असते. म्हणून ती मंद नाही एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये.

दुसरा धोका अंगणातला आहे. कुंपणाला लावली जाणारी पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, हे झाड पाण्याविना तगते आणि जनावरे त्याला तोंड लावत नाहीत. त्यामुळे ते सर्वत्र दिसते. त्याच्या सर्वच भागांत, विशेषतः बियांत, डिगॉक्सिनसारखा परिणाम करणारी विषद्रव्ये असतात. खेळता खेळता मुलाने बी चघळणे किंवा कुणी नैराश्याच्या भरात ते पोटात घेणे, अशा दोन्ही घटनांत सुरुवातीला केवळ उलट्या होतात आणि माणूस बरा दिसतो. हृदयातील अडथळा काही तासांनीही उद्भवू शकतो. म्हणून लक्षणे नसली तरी रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात नेऊन किमान एक दिवस ईसीजीच्या निगराणीखाली ठेवले जाते. गरजेनुसार ॲट्रोपिन दिले जाते किंवा तात्पुरता पेसमेकर लावला जातो. श्रीलंकेत झालेल्या आणि २००० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे या विषावर परिणामकारक ठरली. परंतु त्यांची किंमत सामान्य रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरची असते. मनात आत्मघाताचे विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

तापात मंदावलेली नाडी

ताप चढला की नाडी वाढावी, हा नियम. ताप १०३ अंश आणि नाडी मात्र ७५, अशी विसंगती दिसली, की जुनेजाणते डॉक्टर विषमज्वराचा विचार करतात. स्क्रब टायफसमध्येही हे कधी कधी आढळते. डेंगीतून बरे होताना काही दिवस नाडी मंद राहते आणि बहुतेकांमध्ये ती आपोआप पूर्ववत होते.

करोनाच्या साथीत याचा वेगळा अनुभव आला. मे २०२१ मध्ये वर्ध्यातील जेनेटिक लाइफसायन्सेस या कंपनीत रेमडेसिवीरचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा या इंजेक्शनसाठी राज्यभर धावाधाव चालू होती. ते घेणाऱ्या काही रुग्णांची नाडी मंद होत असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. इंजेक्शन थांबल्यावर बहुतेकांची गती पूर्ववत झाली. त्याच साथीने घरोघरी ऑक्सिमीटर पोहोचवला आणि त्यावर दिसणाऱ्या नाडीच्या आकड्याने अनेकांना प्रथमच आपल्या हृदयगतीची जाणीव करून दिली.

थायरॉइडच्या ग्रंथीचे काम मंदावले, तरी नाडी उतरते. वजन वाढणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता आणि सुस्ती ही सोबतची लक्षणे असतात. साध्या रक्ततपासणीने निदान होते आणि गोळीने प्रश्न सुटतो.

तार तुटते तेव्हा

वाढत्या वयात गतिनियंत्रकाच्या आणि तारांच्या जागी तंतुमय ऊती वाढू लागते. गतिनियंत्रक कधी फार सावकाश, तर कधी एकदम भरधाव चालतो. मधल्या गाठीतील अडथळ्याचे तीन टप्पे मानले जातात. पहिल्यात संदेशाला केवळ उशीर होतो, त्याचे फारसे भय नसते. दुसऱ्यात काही संदेश गळतात. तिसऱ्यात वरच्या आणि खालच्या कप्प्यांतील संपर्क पूर्णपणे तुटतो आणि खालचे कप्पे स्वतःच्या जोरावर मिनिटाला तीस-चाळीस ठोके देत कसेबसे काम रेटतात.

हा आधारही काही सेकंद थांबला, की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. चेहरा पांढराफटक पडतो, क्वचित हातपाय झटकले जातात. ठोके सुरू होताच चेहऱ्यावर लाली येते आणि तो शुद्धीवर येतो. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले. हातपाय झटकल्यामुळे याला फेफरे समजून वर्षानुवर्षे त्यावरील गोळ्या दिल्या जाण्याची शक्यता असते. उतारवयात प्रथमच 'फेफरे' आले असेल, तर ईसीजी काढल्याविना ते निदान पक्के मानू नये.

हृदयाच्या खालच्या भिंतीला बसलेल्या झटक्यातही नाडी अचानक मंद होते. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, दरदरून घाम आणि मंद नाडी असे चित्र असेल, तर पित्ताची गोळी घेऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. तरुण वयात संपूर्ण अडथळा आढळल्यास डॉक्टर सार्कॉइडोसिस किंवा क्षयरोगाचाही शोध घेतात. डोक्याला मार लागल्यानंतर गुंगी वाढत असेल आणि नाडी मंदावत असेल, तर मेंदूवरील दाब वाढल्याचे ते लक्षण असू शकते.

नाडी कशी मोजावी?

पाच मिनिटे शांत बसावे. चहा, तंबाखू किंवा जिना चढणे यांनंतर लगेच मोजू नये. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरील बाजूस तीन बोटे हलकेच ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. मोजण्यासाठी अंगठा वापरू नये, कारण त्याची स्वतःची नाडी जाणवते. ठोक्यांतील अंतर सारखे आहे की मध्येच ठोका चुकतो, हेही पाहावे.

ऑक्सिमीटर आणि मनगटी घड्याळ बोटापर्यंत किंवा मनगटापर्यंत पोहोचलेली लाट मोजतात. हृदयाचा एखादा अवेळी ठोका दुबळा असेल, तर तो तिथे पोहोचत नाही. त्यामुळे हृदय ७६ ठोके देत असताना यंत्र ३८ दाखवू शकते. थंड पडलेले किंवा नखरंग लावलेले बोटही यंत्राला चकवते. म्हणून यंत्राने फार कमी आकडा दाखवल्यास हाताने नाडी मोजावी आणि शंका राहिल्यास ईसीजी काढून घ्यावा.

केव्हा थांबू नये?

मंद नाडीसोबत शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, अंग थंड व घामेजलेले होणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे, यांपैकी एकही लक्षण असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. वारंवार डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना लवकर थकणे, कारण न कळता तोल जाऊन पडणे, यांसाठी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटावे. जागेपणी नाडी सातत्याने चाळीसच्या खाली राहत असेल, तर काहीच त्रास नसला तरी तपासणी करावी. व्यायामाची सवय नसलेल्या ज्येष्ठाची नाडी नव्याने पन्नासच्या खाली आली असेल, तर एक ईसीजी आणि औषधांचा आढावा पुरेसा ठरतो. पन्नास ते साठमधील नाडी आणि कोणताही त्रास नाही, अशा व्यक्तीने निश्चिंत राहावे.

त्रास अधूनमधून होत असेल, तर दवाखान्यातील एका ईसीजीत तो सापडेलच असे नाही. अशा वेळी चोवीस तास किंवा अधिक काळ नोंद ठेवणारा होल्टर लावला जातो. रक्तातील पोटॅशियम, मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या आणि इकोकार्डिओग्राफी यांतून बहुतेक कारणे उलगडतात.

पेसमेकरची साथ

कारण दूर करता येण्याजोगे नसेल आणि अडथळा गंभीर असेल, तर पेसमेकर हा उपाय उरतो. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये अर्न लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसवण्यात आला. तो काही तासांतच बंद पडला, तो बदलावा लागला आणि पुढेही अनेकदा बदलत राहावा लागला. तरीही लार्सन २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले आणि त्यांचा मृत्यू हृदयविकाराने झाला नाही.

आजचा पेसमेकर काडेपेटीहून लहान असतो. गळपट्टीच्या हाडाखाली, भूल देऊन तो भाग बधिर करून, तो कातडीखाली बसवला जातो आणि शिरेतून हृदयापर्यंत तार नेली जाते. तो सहसा गरज असेल तेव्हाच ठोका देतो. घटाची मुदत साधारणतः आठ ते बारा वर्षे असते. घरातील मिक्सर, दूरदर्शन संच यांचा त्याला त्रास होत नाही. मोबाइल दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा, वेल्डिंगच्या कामापासून दूर राहावे आणि एमआरआयपूर्वी डॉक्टरांना पेसमेकरची कल्पना द्यावी, एवढी काळजी पुरते. खर्चाच्या धास्तीने अनेक कुटुंबे हा निर्णय पुढे ढकलतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ आपल्याला मिळू शकतो का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे आधी करावी.

वर्धा जिल्हा याबाबत सुदैवी आहे. गांधी जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. सावंगी मेघे येथेही वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. मात्र खेड्यातील वा शहरातील रुग्ण तिथवर पोहोचण्याआधी घरातल्या कुणीतरी 'आजोबा आजकाल लवकर थकतात' या वाक्यापाशी थांबून त्यांचे मनगट हाती घ्यावे लागते. त्या एका मिनिटाच्या मोजणीला काही खर्च येत नाही.